साहेबावर दावा करता येतो, पण मुदतीच्या आत

सांगलीला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात पक्षकार आपलं मूळ काम बोलून झालं की हमखास आवाज खाली आणून विचारतात, "वकीलसाहेब, साहेबावर केस करता येते का हो?" साहेब म्हणजे कधी फौजदार, कधी तहसीलदार, कधी पालिकेचा मुख्याधिकारी. उत्तर आहे, होय. अंगावर वर्दी आहे किंवा हातात सही-शिक्का आहे म्हणून कुणालाही तुमच्या घरात घुसता येत नाही, तुम्हाला डांबून ठेवता येत नाही, नोटीस न देता तुमचं घर पाडता येत नाही. तसं केलं तर त्या अधिकाऱ्याला आणि सरकारलाही कोर्टात उत्तर द्यावं लागतं.

पण दाद मागता येते, एवढंच ठाऊक असून चालत नाही. ती किती दिवसांत मागायची, इथं गाडं अडतं. पोलिसांच्या विरोधातला दावा महाराष्ट्रात काही प्रसंगी अवघ्या सहा महिन्यांत मुदतबाह्य होतो. आणि ते सहा महिने आपली माणसं घालवतात कुठं? पालकमंत्र्यांना निवेदन, आमदारांकडे फेऱ्या, एसपी ऑफिसला अर्ज, मग स्मरणपत्र, मग कलेक्टर कचेरीसमोर उपोषण. यातल्या एकाही गोष्टीने मुदत थांबत नाही. उपोषण सुटतं, आश्वासन मिळतं आणि तोवर दावा मेलेला असतो. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं, म्हणून हा लेख.

एक प्रसंग धरून चालू

समजा, तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार आहेत. कृषी सेवा केंद्राची औषधांची उधारी थकली आहे. दुकानदार ठाण्यात जातो. संध्याकाळी फोन येतो, "साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जावा." बागायतदार जातात. मोबाईल काढून घेतला जातो. रात्रभर बाकड्यावर बसवून ठेवतात, दुसऱ्या दिवशीही सोडत नाहीत, मधे दोन-चार थपडा बसतात. तिसऱ्या दिवशी मेव्हणे पैसे घेऊन येतात, दुकानदाराचा हिशेब भागतो आणि "माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही" अशा कागदावर सही घेऊन त्यांना घरी पाठवतात. ठाण्याच्या कुठल्याही रजिस्टरला त्यांचं नाव नाही.

यात बिघडलं काय, ते एकेक बघू. उधारी हा दिवाणी मामला. वसुली करून देणं हे पोलिसांचं कामच नव्हे. चौकशीसाठी बोलवायचं तर लेखी बोलवावं लागतं, फोनवरचं "येऊन जावा" पुरत नाही. अटक केली तर कारण सांगावं लागतं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की ते कारण लेखी आणि अटक झालेल्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायचं. घरच्यांना कळवावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. हे शेवटचं तर संविधानाच्या कलम २२ मध्येच लिहिलेलं आहे.

ठाण्याकडून ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही अटक केलीच नव्हती, ते स्वतःहून बसले होते." कोर्ट शब्दांकडे बघत नाही, परिस्थितीकडे बघतं. माणसाला उठून घरी जाता येत होतं का? येत नसेल, तर नोंद असो वा नसो, ती स्थानबद्धताच. उलट नोंद नसणं अधिकाऱ्याच्याच अंगाशी येऊ शकतं. आणि "तक्रार नाही" या कागदाला घाबरून पुष्कळ जण गप्प बसतात. कोठडीच्या दबावाखाली घेतलेल्या सहीने मूलभूत हक्क विकला जात नाही.

आता या बागायतदारांपुढे तीन वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. सरकारकडून भरपाई मागणं ही एक. त्या अधिकाऱ्यावर स्वतःच्या नावाने दिवाणी दावा लावणं ही दुसरी. त्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल करणं ही तिसरी. एक धरली म्हणून बाकीच्या बंद होत नाहीत. फक्त प्रत्येकीचं कोर्ट वेगळं, पुरावा वेगळा आणि मुदतही वेगळी.

सरकार हात वर करायचं, तो काळ

ही वाट आज जेवढी मोकळी दिसते तेवढी पूर्वी नव्हती. सातारकरांना रंगो बापूजी गुप्ते सांगायला नकोत. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढलं, त्याची दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथं झगडले. हाती काही आलं नाही. सत्तेने राज्यकारभार म्हणून जे केलं त्याचा जाब कोर्टात मागता येत नाही, हा त्या काळचा विचार. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या कोर्टाने त्याचे दोन भाग केले: सरकार व्यापारी संस्थेसारखं काम करत असेल तर त्यावर दावा चालेल, सार्वभौम सत्ता म्हणून करत असेल तर नाही. सरकारी गोदीतल्या मजुरांच्या निष्काळजीपणाने एका बोट कंपनीचा घोडा जखमी झाला होता, त्या खटल्यातून हे आलं. आपल्या संविधानाच्या कलम ३०० ने सरकारवर दावा करायची मुभा दिली, पण ती पूर्वी होती तेवढीच. त्यामुळे ही जुनी विभागणी स्वतंत्र भारतातही मागे लागली.

तिचा सर्वांत कटू परिणाम कस्तुरीलाल खटल्यात दिसला. १९४७ साली मेरठमध्ये पोलिसांनी संशयावरून एका सराफाला पकडलं, जवळचं शंभर तोळ्यांहून जास्त सोनं जप्त केलं. हेड कॉन्स्टेबलने ते मालखान्यातून, म्हणजे ठाण्यात जप्तीचा माल ठेवतात त्या खोलीतून, लंपास केलं आणि पाकिस्तानात पळून गेला. सराफ सुटला, पण सोनं गेलं. त्याने सरकारवर दावा लावला. पोलिसांची हयगय झाली हे सर्वोच्च न्यायालयाला मान्य होतं. तरीही १९६४ साली निकाल सरकारच्या बाजूने गेला, कारण अटक आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचं काम. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर जन्माने सातारकर. त्यांनी निकालातच म्हणून ठेवलं की ही स्थिती समाधानकारक नाही, विधिमंडळांनी कायदा करून सरकारची ही सूट आवरावी. त्याआधी १९५६ मध्ये पहिल्या विधी आयोगानेही हेच सुचवलं होतं. १९६५ मध्ये संसदेत विधेयक आलं, १९६७ मध्ये पुन्हा आलं, दोन्ही बारगळली. तो कायदा आजपर्यंत झालेला नाही.

संसदेने जे केलं नाही ते पुढं न्यायालयाने केलं. बिहारमध्ये मुजफ्फरपूरच्या तुरुंगात रुदुल साह नावाचा कैदी होता. १९६८ साली तो निर्दोष सुटला आणि तुरुंगाबाहेर आला १९८२ साली. मधली चौदा वर्षं त्याला कुणी सोडलंच नाही. सरकारने कारण दिलं की तो वेडसर होता, आणि त्याला धड पुरावा दिला नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८३ मध्ये सांगितलं की नुसतं "सोडा" म्हणून कोर्टाला हात झटकता येणार नाहीत, हक्क पायदळी तुडवला गेला असेल तर त्याच याचिकेत पैसेही द्यावे लागतील. रक्कम होती एकूण पस्तीस हजार. चौदा वर्षांच्या मानाने ती काहीच नव्हे, पण तत्त्व रुजलं.

त्यावर कळस चढला तो १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालाने. ओडिशातल्या बावीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलं, दुसऱ्या दिवशी तो रेल्वे रुळांवर मृतावस्थेत सापडला, हाताला बेडी. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. दीड लाख भरपाई दिली आणि एक वाक्य कायमचं पक्कं केलं: मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर "हे सार्वभौम सत्तेचं काम होतं" ही सबब सरकारला सांगता येणार नाही.

पहिली वाट: उच्च न्यायालय

या निकालांच्या जोरावर आज कुणीही संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून भरपाई मागू शकतो. आपल्या भागासाठी इथं मोठा बदल झालाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले. जतच्या माणसाला याचिकेसाठी मुंबई गाठायची म्हणजे रात्रीचा प्रवास, राहण्याची सोय, मुंबईच्या वकिलांची फी. यातच बहुतेकांचा धीर खचायचा. आता सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. अधिकाऱ्यांवर वचक बसवण्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा असेल, असं मला मनापासून वाटतं.

पण या वाटेची मर्यादाही समजून घ्यावी. रिट याचिकेत साक्षीदार उभे करून उलटतपासणी सहसा होत नाही, प्रतिज्ञापत्रांवर आणि कागदांवर निकाल लागतो. हक्कभंग कागदावरूनच उघड दिसत असेल तर ही वाट उत्तम. "मारलं" विरुद्ध "मारलं नाही" एवढाच वाद असेल तर न्यायालय म्हणू शकतं, दिवाणी कोर्टात जा, तिथं पुरावा द्या. आणि इथं मिळणारे पैसे सरकारी तिजोरीतून येतात, म्हणजे तुमच्या-आमच्याच करातून. चूक करणाऱ्याच्या पगारातून ते वळते करा असा आदेश न्यायालय देऊ शकतं, म्हणून याचिकेत तशी मागणी स्पष्ट लिहायला हवी. मागणीच नसेल तर मिळणार कुठून?

दुसरी वाट: अधिकाऱ्याच्या नावाने दावा

दिवाणी न्यायालयात अधिकारी प्रतिवादी होतो, स्वतःच्या नावाने. नुसतं "पोलीस निरीक्षक, अमुक ठाणे" असं लिहू नये, कारण खुर्चीवरचा माणूस बदली होऊन गेलेला असतो. नाव, हुद्दा, आणि सोबत महाराष्ट्र शासनही प्रतिवादी. कामाच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल दावा असेल तर शासनाला सामील करावंच लागतं. गैर कोंडून ठेवणं, मारहाण, खोटा खटला भरणं, मालमत्तेचं नुकसान, या सगळ्यांची भरपाई मागता येते. दाव्याचा कागद मराठीत लिहिता येतो, जिल्हा पातळीवरचं कामकाज मराठीत चालतं. वाद घालायला साक्षीदार आणता येतात, साहेबांना पिंजऱ्यात उभं करून प्रश्न विचारता येतात. अनेक पक्षकारांना पैशापेक्षा याचं समाधान जास्त असतं आणि मला त्यात काही गैर दिसत नाही.

आता मुदत. इथं जरा सावकाश वाचा.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० सांगतं की सरकारवर किंवा सरकारी अधिकाऱ्यावर कामासंबंधी दावा करायचा तर आधी लेखी नोटीस द्यायची आणि दोन महिने थांबायचं. नोटिशीत तुमचं नाव, पत्ता, काय घडलं आणि काय मागणं आहे हे सगळं हवं. शासनासाठीची नोटीस जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते, अधिकाऱ्याची त्याच्या हाती किंवा त्याच्या ऑफिसात. फार तातडी असेल, उद्याच घर पाडायला येणार असतील, तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही दावा लावता येतो.

दुसरीकडे मुदत कायदा म्हणतो की गैर कोंडून ठेवल्याचा दावा एका वर्षात, खोट्या खटल्याबद्दलचा दावा निर्दोष सुटल्यापासून एका वर्षात. आणि पोलिसांच्या बाबतीत त्याहून कडक असं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ आहे. कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांनंतर आला तर तो फेटाळायचा, असं ते सांगतं. शिवाय ज्याच्यावर दावा करायचा त्या पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीस हवी. फौजदारी खटल्यालाही हीच सहा महिन्यांची अट आहे, फक्त शासनाची मंजुरी असेल तर तो दोन वर्षांपर्यंत चालू शकतो.

याला एक बाजू आपल्या सोयीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलंय की संशयिताला मारहाण करणं आणि डांबून ठेवणं हा तपासाचा भाग होऊच शकत नाही, त्यामुळे अशा कृत्याला कलम १६१ चं कवच नाही. म्हणजे आमच्या बागायतदारांना सहा महिने उलटले तरी भांडायला जागा आहे. पण सरकारी वकील पहिला आक्षेप मुदतीचाच घेणार, आणि त्या एका मुद्द्यावर वरच्या कोर्टापर्यंत वर्षं जाणार. हा धोका कशाला पत्करायचा? घटना घडल्यापासून पहिल्या महिन्यात नोटीस आणि पाचव्या महिन्याच्या आत दावा, असंच गणित धरावं. नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वजा होतात का, या चर्चेत पक्षकाराने पडूच नये.

नोटीस हाताने दिली तर दुय्यम प्रतीवर आवक शिक्का घ्या. टपाल शाखेत कारकून म्हणेल, "ठेवून जावा, साहेब आले की बघतील." ठेवून यायचं नाही. शिक्का, आवक क्रमांक, तारीख, घेणाऱ्याची सही, हे चारही बघून मगच जिना उतरायचा. शिक्क्यातली तारीख कधी कधी जुनीच राहिलेली असते, आकडा पुसट उमटलेला असतो. तो पुन्हा मारून मागा. पुढं साक्षीच्या वेळी "नोटीस मिळालीच नाही" असं साहेबांनी शपथेवर सांगितलं की तुमच्या बाजूने बोलणारा तो एकच कागद असतो. जमेल तर स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पोहोच जपून ठेवा.

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी लगेच वसुली सुरू होत नाही. सरकार किंवा अधिकाऱ्याविरुद्धचा हुकूमनामा तीन महिने न फेडल्यावरच अंमलबजावणीला घेता येतो. मागणी "संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे" अशी लिहिलेली असेल तर शासन किंवा अधिकारी, कुणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते.

तिसरी वाट: फौजदारी

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात ताब्यात असलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आला. सांगलीकर ते विसरलेले नाहीत. शहर रस्त्यावर उतरलं, उपनिरीक्षकासह पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, तपास सीआयडीकडे गेला. वर्दीतल्या माणसावर गुन्हा दाखल होत नाही, हा समज तेव्हाच गळून पडायला हवा होता.

भारतीय न्याय संहितेत कलम १२० आहे: कबुलीसाठी, किंवा मालमत्ता परत करायला लावण्यासाठी, किंवा एखादं देणं फेडायला भाग पाडण्यासाठी दुखापत करणं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. आमच्या बागायतदारांचा प्रसंग यात अगदी नेमका बसतो. गैर कोंडून ठेवण्यासाठी कलम १२७ आहे. कायद्याने घालून दिलेला नियम कुणाला इजा पोहोचावी म्हणून मुद्दाम मोडणाऱ्या लोकसेवकासाठी कलम १९८ आहे.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती दिली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवून दिलं. ठाण्याने घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं, तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज करायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक पायरी वाढली आहे. अधिकाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या कृत्याची तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेट आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवू शकतात आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणंही विचारात घेऊ शकतात. मला ही पायरी तक्रारदाराला जड जाणारी वाटते, पण ती कायद्यात आहे आणि तिची तयारी ठेवूनच अर्ज करावा.

मग येते मंजुरी. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८. ज्यांना शासनाच्या आदेशाशिवाय पदावरून काढता येत नाही अशा अधिकाऱ्यांवर, कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा तर शासनाची मंजुरी लागते. ही फाईल मंत्रालयात वर्षानुवर्षं पडून राहायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेने तिला मुदत घातली: १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. नव्या कायद्यातली ही तरतूद नागरिकांच्या खरोखर उपयोगाची आहे. मंजुरीचा अर्ज कोणत्या तारखेला पोहोचला याचा पुरावा इथंही जवळ लागतोच.

पोलिसांखेरीज

साहेब म्हणजे फक्त पोलीस नव्हेत. अतिक्रमण म्हणून घर किंवा टपरी पाडायची तर काय करावं लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बारकाईने सांगितलं. किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणांसह आदेश, पाडकामाचं चित्रीकरण. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. पण जिथं ते आहे तिथं नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याने पाडलेलं बांधकाम स्वतःच्या खर्चाने परत उभं करून द्यायचं आणि वर भरपाईही द्यायची. अधिकाऱ्याच्या खिशाला इतका थेट हात घालणारे आदेश कमीच.

लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ मधल्या निकालात या विचाराची सुरुवात दिसते. घराचा ताबा द्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ झाली. न्यायालय म्हणालं, त्रासाची भरपाई प्राधिकरणाने आधी द्यावी आणि मग जबाबदार अधिकारी शोधून त्यांच्याकडून वसूल करावी. माहिती अधिकारात तर हे कायद्यातच आहे: माहिती विनाकारण अडवली तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड माहिती अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो. हा दंड अर्जदाराला मिळत नाही, सरकारजमा होतो. अर्जदाराला भरपाई हवी असेल तर माहिती आयोगाकडे ती वेगळी मागावी लागते.

आणि प्रत्येक चूक म्हणजे हक्कभंग नव्हे, हेही स्वच्छ सांगायला हवं. तलाठ्याने फेरफार चुकीचा धरला तर आधी अपील आहे. तहसीलदारांनी सुनावणी घेऊन न्यायनिर्णय दिला आणि तो तुम्हाला चुकीचा वाटतो, एवढ्यावर त्यांच्यावर भरपाईचा दावा टिकणार नाही. नेकीने आणि काळजीपूर्वक केलेल्या कामाला बहुतेक कायदे संरक्षण देतात, आणि ते असायलाच हवं. नाहीतर कुठला अधिकारी वाळूमाफियाच्या गाडीला हात लावेल?

अमेरिकेत काय आहे

आपल्याकडे या हक्काचे तुकडे वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेत, अमेरिकेत तो एकाच कलमात आहे. यादवी युद्धानंतर तिथल्या दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीने कृष्णवर्णीयांवर अत्याचार मांडले होते आणि स्थानिक अधिकारी बघत राहायचे. म्हणून १८७१ मध्ये कायदा झाला: राज्याच्या अधिकाराचा वापर करून कुणी तुमचा संविधानिक हक्क हिरावला तर त्या व्यक्तीवर थेट दावा करा. हे कलम १९८३ म्हणून ओळखलं जातं, तो कलमाचा क्रमांक आहे, साल नव्हे. बराच काळ ते जवळपास निजून होतं. शिकागोत तेरा पोलीस पहाटे मनरो नावाच्या कुटुंबाच्या घरात घुसले, नवरा-बायकोला नग्नावस्थेत उभं केलं, घर उलथंपालथं केलं. त्या खटल्यात १९६१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांचं कृत्य राज्याच्याही कायद्याविरुद्ध असलं तरी हा दावा चालतो. १९७६ पासून जिंकणाऱ्या नागरिकाला वकिलाची फीही मिळू लागली.

पण तिथंही १९६७ पासून न्यायालयांनीच अधिकाऱ्यांना एक कवच दिलंय. हक्क आधीच इतका स्पष्ट ठरलेला असला पाहिजे की कुठल्याही अधिकाऱ्याला तो कळावा, तरच दावा चालतो. आणि पैसे बहुधा पालिकाच भरते. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर मिनियापोलिस शहराने २०२१ मध्ये कुटुंबाला दोन कोटी सत्तर लाख डॉलर दिले. म्हणजे चूक करणाऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचायचं कसं, हा प्रश्न तिथंही पुरता सुटलेला नाही. तरी एका स्पष्ट कलमाचा फायदा असा की नागरिकाला कुठं जायचं ते माहीत असतं. गजेंद्रगडकरांनी मागितलेला कायदा आपल्याकडे झाला असता तर तासगावच्या शेतकऱ्याला मुदतींच्या या जंगलातून वाट काढावी लागली नसती. तो कायदा आजही मागायला हवा.

पहिला आठवडा

तोवर, घटना घडली की पहिल्याच आठवड्यात करायची कामं. अंगावर वळ असतील तर त्याच दिवशी सांगली किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्या आणि "पोलिसांनी मारलं" हे डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला लावा. "पडून लागलं" असं एकदा लिहिलं गेलं की ते पुसता येत नाही. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवा असा लेखी अर्ज अधीक्षकांना द्या, तारीख आणि वेळ नमूद करून. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये असं चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय. त्याच अर्जात स्टेशन डायरीच्या नोंदी मागा. ज्या फोनवरून बोलावणं आलं त्या कॉलचा स्क्रीनशॉट काढा. ठाण्यात चहा-जेवण घेऊन कोण आलं होतं, बाहेर गाडीत कोण थांबलं होतं, त्यांची नावं लिहून ठेवा. घडलेलं सगळं वेळेनुसार एका वहीत उतरवा, आठवण ताजी असतानाच.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, त्याला फी नाही. पोलिसांविरुद्ध राज्य आणि विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद आहे, सांगली-सातारा पुणे विभागात येतात. आयोग शिफारस करतो, हुकूम नव्हे, पण त्याच्या चौकशीत निघालेले कागद पुढं दाव्यात कामाला येतात. तिथं अर्ज दिला म्हणून नोटीस द्यायची थांबू नका. आयोगाची तारीख आणि दाव्याची मुदत यांचा एकमेकांशी संबंध नाही.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, सांगलीतही आणि साताऱ्यातही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन करायचा तर १५१००. कोर्ट फी भरायची ऐपत नसेल तर नादार म्हणून दावा दाखल करायचीही सोय आहे, त्यासाठीचा अर्ज दाव्यासोबतच द्यायचा असतो.